रिपोर्टिंगमधून लो-कोड ॲपच्या कामात जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सात वर्षं चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात एमआयएसचं (रोजच्या आकड्यांचे रिपोर्ट बनवण्याचं) काम केलं. सकाळी साडेनऊच्या मीटिंगआधी उत्पादन, रिजेक्शन आणि डाउनटाइमचा रिपोर्ट साहेबांच्या मेलमध्ये पडला पाहिजे, हे माझं काम. आता मी अशाच कारखान्यांसाठी पॉवर ॲप्स या मायक्रोसॉफ्टच्या लो-कोड टूलमध्ये, म्हणजे फारसा प्रोग्रॅम न लिहिता, ॲप्स बांधते. एक्सेल आणि पॉवर बीआय (रिपोर्ट-डॅशबोर्डचं टूल) यांत मुरलेली बरीच मंडळी मला फोन करून हेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते. उदाहरणं कारखान्यातली आहेत, कारण मला तेच जग माहीत आहे. बँकेत, हॉस्पिटलात किंवा शिक्षणसंस्थेत काम करणाऱ्यांनी मशीनच्या जागी आपापला काउंटर धरावा.

रिपोर्ट बनवणं आणि ॲप बनवणं यात मूळ फरक कोणता?

रिपोर्ट माहिती वाचतो, ॲप माहिती लिहितं. बाकीचे सगळे फरक यातूनच निघतात.

रिपोर्टमध्ये फॉर्म्युला चुकला तर दहा वाजता बोलणी बसतात आणि साडेदहाला दुरुस्त फाइल जाते. मूळ आकडे शाबूत असतात. ॲपमध्ये फॉर्म्युला चुकला तर चुकीचा आकडा टेबलात जाऊन बसतो. त्या आकड्यावर स्टोअरमधून माल निघतो, त्या मालावर कुणीतरी अप्रूव्हल देतं, त्या अप्रूव्हलवर बिल बनतं. आठ दिवसांनी चूक लक्षात आली तर आठ दिवसांचे व्यवहार उलगडत बसावे लागतात.

दुसरं म्हणजे वापरणारा माणूस बदलतो. रिपोर्ट साहेब एसीत बसून बघतात. ॲप मशीनसमोर उभा असलेला माणूस वापरतो, हातात ग्लोव्ह्ज, कानात प्रेसचा आवाज. रिपोर्ट एक दिवस उघडला नाही तर काम थांबत नाही. गेटपासचं ॲप बंद पडलं तर गेटवर ट्रक उभा राहतो आणि ड्रायव्हर तुमच्या नावाने विचारत येतो.

इतकी जोखीम असेल तर आम्ही त्यात का पडावं?

आडात नसेल तर पोहऱ्यात येणार कुठून, म्हणून. रिपोर्टिंगवाल्याचा दिवस कशात जातो ते आठवा. एच-०४५ हा पार्ट नंबर कुणी डॅश देऊन लिहिलाय, कुणी विनाडॅश, कुणी शेवटी एक स्पेस सोडून. तारीख एकाने ०३/०७ लिहिली ती जुलैची की मार्चची हे फोन करून विचारायचं. रात्रपाळीची शीट सुपरवायझरच्या खिशात घरी गेली म्हणून त्याची वाट बघायची. माझा सकाळचा बहुतेक वेळ या साफसफाईत जायचा आणि आकड्यांचा अर्थ लावायला शेवटची पंधरा मिनिटं उरायची.

ट्रिम, क्लीन, रिप्लेस हे सगळं मी मन लावून शिकले. पॉवर क्वेरीत (एक्सेलमधलं डेटा साफ करायचं साधन) तर इतक्या पायऱ्या रचल्या होत्या की माझ्याशिवाय ती फाइल कुणाला उलगडायची नाही. एका सकाळी जाणवलं की तोच डॅश मी कित्येक महिने रोज काढते आहे, पण तो पडतो त्या जागी एकदाही गेलेली नाही. आकडा जिथे जन्माला येतो तिथे एक ड्रॉपडाउन असता तर माझ्या त्या सगळ्या पायऱ्यांची गरजच नव्हती. मला या कामाची ओढ लागली ती तिथून.

लो-कोड म्हणजे नक्की काय?

पडद्यावर बटणं, फॉर्म, गॅलरी (ओळींची यादी) ओढून ठेवायच्या, मागे टेबल जोडायचं आणि वागणूक छोट्या छोट्या फॉर्म्युल्यांनी सांगायची. हा शब्द फॉरेस्टर या संशोधन संस्थेने २०१४ मध्ये रूढ केला, पण पद्धत त्याहून जुनी आहे. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये फॉर्म बनवलेली माणसं आपल्याकडे प्रत्येक जुन्या ऑफिसात सापडतात, आणि त्यांनी तेव्हा केलं ते हेच होतं.

मला एक्सेल चांगलं येतं, प्रोग्रॅमिंग अजिबात नाही. जमेल का?

जमेल, पण एका जागी प्रत्येकजण अडखळतो. ती आधीच सांगते.

पॉवर ॲप्सची फॉर्म्युल्याची भाषा एक्सेलवरूनच बेतलेली आहे. मायक्रोसॉफ्टने २०२१ च्या मार्चमध्ये तिला पॉवर एफएक्स असं नाव दिलं. इफ, सम, फिल्टर ओळखीचे वाटतात. व्हीलुकअपच्या जागी लुकअप येतो, आणि तो जास्त सरळ आहे, कारण कितवा कॉलम हे मोजत बसावं लागत नाही.

अडखळण्याची जागा म्हणजे ‘कधी’. एक्सेलमध्ये फॉर्म्युला सेलमध्ये असतो आणि आकडा बदलला की आपोआप मोजला जातो. ‘हे कधी चालेल?’ असा प्रश्न तिथे पडतच नाही. ॲपमध्ये निम्मे फॉर्म्युले तसेच असतात: लेबलमध्ये काय दिसावं, बटण कधी लपावं. उरलेले निम्मे बटण दाबल्यावर, पडदा उघडल्यावर, फॉर्म सेव्ह झाल्यावर एकदाच चालतात. दाबलं की ओळ लिही, मग निरोप दाखव, मग मागच्या पडद्यावर जा, असा क्रम लावावा लागतो. ओळ लिहिली गेलीच नाही तर काय, हेही सांगावं लागतं. एक्सेलच्या व्हीबीएमध्ये मॅक्रो लिहिलेल्यांना हे पटकन कळतं. बाकीच्यांना महिनाभर डोकं खाजवावं लागतं आणि मग एक दिवस ते बसतं.

रिपोर्टिंगमधलं काय कामी येतं?

तुम्हाला वाटतं त्याहून खूप जास्त. नव्या डेव्हलपरला फॉर्म बनवायला सांगितला तर तो कागदी फॉर्मवर जे रकाने आहेत तेच पडद्यावर उतरवतो. त्यातल्या कुठल्या रकान्याचं महिनाअखेरीला काय होतं हे त्याला माहीत नसतं. तुम्हाला असतं. ‘शेरा’ नावाच्या मोकळ्या रकान्यातून कधीच काही मोजता येत नाही, हे तुम्ही स्वतः भोगलेलं असतं. डाउनटाइमचं कारण ‘मशीन प्रॉब्लेम’ एवढंच लिहिलं तर पॅरेटो चार्टमध्ये (कारणं मोठ्यापासून लहानाकडे मांडणारा तक्ता) पहिला खांब त्याचाच येतो आणि मीटिंगमध्ये कुणाला काही बोध होत नाही, हेही तुम्ही पाहिलेलं असतं. म्हणून यादीत काय ठेवायचं आणि काय ठेवू द्यायचं नाही, हे तुम्ही ठामपणे सांगू शकता.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे व्याख्या. क्वालिटीचं रिजेक्शन आणि प्रॉडक्शनचं रिजेक्शन वेगळं का येतं, हे कारखान्यात फक्त एमआयएसवाल्याला माहीत असतं: एक जण रिवर्कला (दुरुस्तीला) पाठवलेला माल धरतो, दुसरा धरत नाही. हा वाद आम्ही रिपोर्टमध्ये तळटीप देऊन मिटवतो. ॲपमध्ये तो मुळातच मिटवावा लागतो, कारण बटण एकच असतं. दोन्ही विभागांना एका टेबलाभोवती बसवून ‘रिवर्क झालेला माल कधी मोजायचा?’ हे लिहून घेणं कुठल्याही फॉर्म्युल्याहून अवघड आहे. तुमचं दोन्हीकडे बसणं-उठणं असतं, आणि प्रोग्रॅमर बाहेरचा असतो. माझ्या मते रिपोर्टिंगवाल्याने या कामात यावं याचं सगळ्यात भक्कम कारण हेच.

आणि काय विसरावं लागतं?

रुंद टेबल. याच्यावर थोडं थांबते, कारण माझी पहिली दोन ॲप्स यामुळेच वाया गेली.

रिजेक्शनची शीट डोळ्यांसमोर आणा. तारीख, शिफ्ट, मशीन, पार्ट नंबर, आणि मग उजवीकडे दोषांची रांग: ब्लो होल, क्रॅक, डेंट, साइज कमी, साइज जास्त. नवा दोष निघाला की नवा कॉलम. माणसाला वाचायला ही शीट छान असते. मी तशीच्या तशी ॲपमध्ये उतरवली. तीन महिन्यांत क्वालिटीने चार नवे दोष दिले. प्रत्येक वेळी मला टेबल बदलावं लागलं, फॉर्म बदलावा लागला, बेरजेचा फॉर्म्युला बदलावा लागला. शेवटी मी कुणी नवा दोष सांगितला की टाळाटाळ करायला लागले. ॲप बनवणाऱ्याने नवी माहिती नको म्हणणं याहून वाईट लक्षण नाही.

बरोबर रचना अशी. एक टेबल नोंदीचं: तारीख, शिफ्ट, मशीन, पार्ट. दुसरं टेबल ओळींचं: कुठली नोंद, कुठला दोष, किती नग. तिसरं दोषांची मास्टर यादी. नवा दोष आला की मास्टरमध्ये एक ओळ वाढते, बाकी कशालाही हात लागत नाही. पॉवर क्वेरीत अनपिव्होट करणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, तुम्ही रोज सकाळी आडवे कॉलम उभ्या ओळींत आणता ते हेच आहे. टेबल सुरुवातीपासून उभं बांधलं की अनपिव्होट करावंच लागत नाही. पॉवर बीआयमध्ये फॅक्ट (व्यवहारांची) आणि डायमेन्शन (मास्टर याद्यांची) टेबलं जोडलेल्यांना हे अर्धं आधीच येतं.

दुसरी सवय, ‘पुसून पुन्हा भरू’. रिपोर्टमध्ये जुनी शीट डिलीट करून नवी पेस्ट केली तर कुणाचं काही बिघडत नाही. ॲपमध्ये ओळ पुसू नये. तिच्यावर ‘रद्द’ अशी खूण करावी, कुणी केली आणि केव्हा केली हे ठेवावं. ऑडिटला हेच विचारतात.

कुठलं टूल शिकू?

तुमच्या कंपनीत ज्याचं लायसन्स आधीच आहे ते. मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर पॉवर ॲप्स, जे २०१६ पासून आहे, आणि त्याच्या जोडीला पॉवर ऑटोमेट, ज्यात ‘फ्लो’ म्हणजे आपोआप चालणाऱ्या पायऱ्या बनवतात. गुगल वर्कस्पेस असेल तर ॲपशीट, जे गुगलने २०२० मध्ये विकत घेतलं. छोटी कंपनी असेल आणि विक्री, हिशेब झोहोवर असेल तर झोहो क्रिएटर. हे २००६ पासून आहे आणि कंपनी चेन्नईची. मोठ्या समूहांमध्ये आउटसिस्टम्स आणि मेंडिक्स दिसतात. मेंडिक्स २०१८ मध्ये सीमेन्सने घेतलं, त्यामुळे उत्पादन क्षेत्रात त्याचं नाव ऐकू येतं.

शेवटी टेबलाची रचना, परवानग्या, अप्रूव्हलची वाट आणि वापरणाऱ्याची समजूत हीच खरी शिकण्याची गोष्ट, आणि ती सगळीकडे सारखी आहे. इथून पुढे मी पॉवर ॲप्सचीच उदाहरणं देते.

लायसन्सबद्दल एकच सावधगिरी. शेअरपॉइंट (३६५ मधल्या ऑनलाइन याद्या आणि फाइली) आणि एक्सेल जोडलेलं ॲप साध्या ३६५ लायसन्सवर चालतं. एसक्यूएल सर्व्हर (डेटाबेस) किंवा डेटाव्हर्स (पॉवर ॲप्सचा स्वतःचा डेटाबेस) जोडला की वापरणाऱ्या प्रत्येकाला वेगळं प्रीमियम लायसन्स लागतं. रिपोर्टवाल्यांचा डेटा बहुधा एसक्यूएलमध्येच असतो, म्हणून ही चूक आपल्याच हातून होते. ॲप बांधून दाखवायचं, साहेब खूश, आणि मग दोनशे माणसांच्या लायसन्सचा खर्च समोर येऊन सगळं गुंडाळावं लागतं. खर्चाचा कागद ॲपच्या आधी करा.

पहिलं ॲप कशाचं करावं?

शिकवणीच्या व्हिडिओत रजेच्या अर्जाचं ॲप असतं. ते करू नका. एचआरकडे त्याची व्यवस्था असते आणि तुमचं ॲप कुणी वापरत नाही.

तुमच्या रिपोर्टांपैकी कुठल्या एका आकड्यासाठी तुम्हाला रोज फोन करावा लागतो ते बघा. माझ्या बाबतीत तो डाउनटाइम होता. मशीन किती वेळ बंद होतं हे मेंटेनन्सवाला एका वहीत लिहायचा, प्रॉडक्शनवाला दुसऱ्या वहीत, आणि दोन्ही वह्यांतले वेळ जुळायचे नाहीत. मी एक पडदा केला: मशीन निवडा, ‘बंद पडलं’ दाबा. मेंटेनन्सवाला आला की तो ‘काम सुरू’ दाबणार, मशीन चाललं की प्रॉडक्शनवाला ‘चालू झालं’ दाबणार. वेळ कुणी लिहायचीच नाही, बटण दाबल्याची वेळ तीच वेळ. तीन बटणांचं ॲप. एका लाइनवर पंधरा दिवस चालवलं आणि मग पुढच्या लाइनचा सुपरवायझर स्वतः मागायला आला.

ॲप सुरुवातीला छान चाललं, काही दिवसांनी नव्या नोंदी दिसेनात. काय झालं?

माझ्या त्याच ॲपचं हे झालं. रोज तीसेक नोंदी होत होत्या आणि सतराव्या दिवशी फोन आला की आजचं काही दिसत नाही.

पॉवर ॲप्स मोठं टेबल पूर्ण मोबाइलवर ओढत नाही. तुमचा फिल्टर ते शेअरपॉइंटकडे किंवा डेटाबेसकडे पाठवतं आणि ‘तूच शोधून दे’ म्हणतं. याला डेलिगेशन म्हणतात. पण काही फॉर्म्युले समोरच्याला समजत नाहीत. तेव्हा ॲप पहिल्या ५०० ओळी आणतं आणि फक्त त्यांच्यातच शोधतं. ही मर्यादा सेटिंगमध्ये वाढवली तरी २००० च्या पुढे जात नाही. एरर येत नाही, म्हणून हा दोष घातकी आहे. दहा लाख ओळींची एक्सेल शीट बघितलेल्या माणसाला ५०० हा आकडा सुचतही नाही.

उपाय दोन. फॉर्म्युल्याजवळ पिवळा त्रिकोण दिसला तर तो वाचा, त्याकडे काणाडोळा करू नका. शेअरपॉइंटवर ‘नावाच्या सुरुवातीची अक्षरं’ असा शोध चालतो, ‘नावात कुठेही’ असा शोध अडतो. आणि चाचणी करताना ती ५०० ची मर्यादा मुद्दाम १ वर आणा. जे जे चुकतंय ते लगेच उघडं पडतं. हे मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर तो सतरावा दिवस आला नसता.

पॉवर ऑटोमेटमध्येही याचा भाऊ आहे. शेअरपॉइंट यादीतल्या नोंदी आणणारी पायरी काही न सांगता फक्त १०० ओळी आणते.

फ्लोमध्ये आणखी कुठे फसायला होतं?

तीन ठिकाणी.

पहिलं, स्वतःच स्वतःला जागं करणारा फ्लो. ‘नोंद बदलली की चाल’ असं सांगायचं आणि शेवटच्या पायरीत तीच नोंद बदलायची. मग तो फिरतच राहतो. ट्रिगरला, म्हणजे फ्लो ज्या घटनेने सुरू होतो तिला, अट घाला.

दुसरं, अप्रूव्हल. क्लाउड फ्लोची एक फेरी जास्तीत जास्त ३० दिवस जिवंत राहते. साहेब महिनाभर परदेशात गेले तर अप्रूव्हल विझून जातं आणि अर्जदाराला पत्ताच लागत नाही. अर्जाची स्थिती नेहमी टेबलात ठेवा, फ्लोच्या पोटात ठेवू नका, आणि सात दिवसांनी आठवण, पंधरा दिवसांनी वरच्याकडे, अशी वाट आधीच आखा.

तिसरं, वेळ. फ्लो ग्रीनविचच्या वेळेवर चालतो आणि आपण साडेपाच तास पुढे. आमची तिसरी शिफ्ट रात्री १० ते सकाळी ६. हिशेबात ती सुरू झाली त्या तारखेलाच धरतात. मी फ्लोमध्ये वेळ न बदलता तारीख घेतली, आणि गंमत म्हणजे रात्री दोनच्या नोंदी बरोबर तारखेला पडत होत्या, कारण ग्रीनविचला अजून आदलाच दिवस होता. बिघडत होत्या त्या साडेपाच ते सहामधल्या. सुपरवायझर शिफ्टचे आकडे नेमके शेवटच्या अर्ध्या तासात भरतात. मग मी वेळ भारतीय केली, तर मध्यरात्रीनंतरच्या सगळ्याच नोंदी पुढच्या तारखेला गेल्या. शेवटी ‘उत्पादन तारीख’ असा वेगळा कॉलम केला आणि ती शिफ्टवरून काढली. नोंदीची वेळ आणि हिशेबाची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि रिपोर्टवाल्याला हे इतरांच्या आधी कळतं.

पावती नंबर, गेटपास नंबर आपोआप कसा द्यायचा?

‘शेवटचा नंबर शोध, त्यात एक मिळव’ असं करू नका. एक्सेलची सवय हेच सुचवते. दोन गेटवर दोन माणसांनी एकाच क्षणी बटण दाबलं तर दोघांनाही तोच नंबर मिळतो. शेअरपॉइंट प्रत्येक ओळीला स्वतःचा आयडी देतं, तो वापरा. डेटाव्हर्समध्ये यासाठी ऑटोनंबर कॉलम आहे.

एसक्यूएल शिकावं का?

हो. जॉइन (टेबलं जोडणं), ग्रुप बाय (गटवार बेरीज) आणि प्रायमरी की, फॉरेन की (ओळ ओळखणारा आणि दुसऱ्या टेबलाशी जोडणारा कॉलम) एवढं आलं तरी टेबलं बांधताना हात चुकत नाही.

आयटी विभाग परवानगी देत नाही. काय करू?

त्यांची भीती खरी आहे, आधी ती ऐकून घ्या. कुणीतरी हौसेने ॲप बनवतो, पन्नास माणसं त्यावर अवलंबून राहतात, मग तो नोकरी सोडतो. त्याचं खातं बंद झालं की त्याच्या नावावरचे फ्लो पडतात आणि निस्तरायला आयटीला बोलावतात. मी स्वतः असा एक प्रकार निस्तरला आहे. अडीच महिने कुणाला कळलंच नव्हतं की सप्लायरला जाणारे मेल थांबलेत.

म्हणून जाताना या गोष्टी घेऊन जा: ॲप आणि फ्लो एका सर्व्हिस अकाउंटच्या (कुणा एका माणसाचं नसलेल्या खात्याच्या) मालकीचे असतील, बांधकाम वेगळ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये (वेगळ्या जागेत) होईल आणि वापरासाठी सोल्यूशनमधून (ॲप आणि फ्लोचा एकत्र गठ्ठा) दुसरीकडे हलवलं जाईल, आणि कुठलं टेबल कोण बघू शकतं याचा एक कागद असेल. हा कागद रिपोर्टमधल्या रो-लेव्हल सिक्युरिटीसारखाच (कोणाला कुठल्या ओळी दिसाव्यात), फक्त इथे ‘बघणं’ आणि ‘बदलणं’ वेगळं लिहायचं. ॲपमध्ये बटण लपवलं म्हणजे परवानगी काढली असं होत नाही. शेअरपॉइंट यादी उघडी असेल तर माणूस सरळ तिथे जाऊन आकडा बदलू शकतो.

आणखी एक. पाहुण्यांच्या गेटपासमध्ये आधारचा फोटो घ्यावा असं कुणीतरी सुचवतंच. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आहे. जी माहिती कामाला लागत नाही ती मागू नका. नाव, कुणाला भेटायचंय आणि येण्या-जाण्याची वेळ एवढ्यावर बहुतेक गेट चालतात.

वापरणारी माणसं ॲप वापरत नाहीत. काय चुकतं?

बहुधा तुम्ही त्यांच्या शेजारी उभं राहून बघितलेलं नसतं. एक पूर्ण शिफ्ट लाइनवर काढा. मी काढली तेव्हा कळलं की मी बारा रकाने मागत होते आणि त्यातले सात ॲपला आधीच माहीत होते: लॉगिनवरून माणूस, घड्याळावरून शिफ्ट, मशीनवरून लाइन. पाच उरले. बटणं मोठी केली, कारण ग्लोव्ह्ज घातलेल्या बोटाला बारीक यादी लागत नाही.

लेबलं मराठीत ठेवा, पण कारखान्यातली मराठी. मी हौसेने ‘नाकारलेले नग’ लिहिलं होतं. एका जुन्या ऑपरेटर काकांनी विचारलं, ‘ताई, हे रिजेक्शनच ना?’ मी ते ‘रिजेक्शन’ केलं. ज्या शब्दाने माणसं दिवसभर बोलतात तोच शब्द पडद्यावर हवा. त्या भागात नेटवर्क नसेल तर नोंद फोनमध्ये साठवून नंतर पाठवायची सोय पॉवर ॲप्समध्ये आहे, पण ती सुरुवातीलाच आखावी लागते. नंतर जोडणं फार जड जातं.

सर्टिफिकेट घ्यावं का?

पहिल्या नोकरीच्या दारापर्यंत उपयोग होतो, म्हणून घ्या, पण त्याच्यासाठी ॲप थांबवू नका. परीक्षांचे कोड सतत बदलतात: पॉवर बीआयच्या डीए-१०० च्या जागी २०२२ मध्ये पीएल-३०० आली, ॲप बनवणाऱ्यांची पीएल-१०० २०२४ मध्ये बंद झाली. फी भरण्याआधी कुठली चालू आहे ते मायक्रोसॉफ्टच्या पानावर बघा. सरावासाठी डेव्हलपर प्लॅन मोफत मिळतो, त्यात डेटाव्हर्सही वापरून बघता येतं.

मुलाखतीत काय विचारतात?

मी आता मुलाखती घेते, तेव्हा माझेच प्रश्न सांगते. तुमचं एक ॲप उघडा आणि त्यामागची टेबलं कागदावर काढून दाखवा. दोन माणसांनी एकच नोंद एकाच वेळी बदलली तर काय होतं? पाच हजार ओळींनंतर काय होतं? अप्रूव्ह करणारा माणूस नोकरी सोडून गेला तर अर्ज कुठे जातो? आणि वापरणाऱ्यांनी ॲपबद्दल केलेली एक तक्रार सांगा. शेवटच्या प्रश्नाला ‘तक्रार आलीच नाही’ असं उत्तर आलं तर मला वाटतं की ते ॲप कुणी वापरलंच नसावं.

रिझ्युमेत ‘अमुक इतके डॅशबोर्ड बनवले’ याऐवजी कुठली वही बंद झाली ते लिहा.

एआय ॲप बनवून देतंय, मग हे काम टिकेल का?

कोपायलटला (मायक्रोसॉफ्टचा एआय मदतनीस) चार वाक्यांत सांगितलं की तो टेबलं आणि पडदे मांडून देतो, आणि मी रोज त्याची मदत घेते. तिसऱ्या शिफ्टची तारीख कुठली धरायची आणि रिवर्क रिजेक्शनमध्ये येतं का, हे मात्र त्याला कुणीतरी सांगावं लागतं. ते सांगता येणारा माणूस व्हा.

रिपोर्टिंग पूर्ण सोडावं लागेल?

नाही, आणि सोडू नये. ॲप तयार झालं की पहिली मागणी रिपोर्टचीच येते. पॉवर बीआय प्रो लायसन्सवर डेटासेट दिवसातून ८ वेळाच रिफ्रेश होतो. ‘मी आत्ता नोंद केली, दिसत का नाही?’ हा फोन येणारच. आत्ताचं चित्र ॲपमध्येच दाखवा, कालपर्यंतचं पॉवर बीआयमध्ये. ही वाटणी लोकांना एकदा समजावली की भांडण राहत नाही.

किती दिवस लागतात?

नोकरी सांभाळून, रोज तास-दीड तास दिला तर तीन-चार महिन्यांत एका विभागाला वापरता येईल असं ॲप होतं. ‘मला हे काम येतं’ असं मनापासून वाटायला मला दीड वर्ष लागलं. त्यातला बराच वेळ पहिल्या दोन ॲप्सची टेबलं पुन्हा बांधण्यात गेला.

ॲप सुरू झालं. जुनी एक्सेल शीट कधी बंद करायची?

एक महिनाअखेर दोन्ही चालू ठेवा, महिना मध्येच तोडू नका, कारण खरी गडबड क्लोजिंगलाच दिसते. दोन्हीकडचे आकडे शेजारी मांडा, आणि जिथे फरक आहे तिथे कोण बरोबर ते कागदावर लिहा. पहिल्या महिन्यात आमच्याकडे जिथे फरक पडला तिथे बहुतेक वेळा शीट चुकीची निघाली, पण दोनदा ॲप चुकीचं होतं आणि तेही मी लिहून दिलं. मग विभागप्रमुखांची सही घ्या, शीट ‘फक्त वाचण्यासाठी’ करा आणि तिच्या पहिल्या ओळीत ॲपची लिंक टाका. डिलीट करू नका. जुन्या महिन्यांचे आकडे मागायला कुणीतरी येतंच, आणि आमच्याकडे ती फाइल अजूनही तिथेच आहे.